सुईची वाट

तुम्ही ते उत्तर काढून टाकलंत. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर. तुमच्या मोफत उपचार योजनेत गाठी तपासणाऱ्या यंत्राला तुम्ही दोनच निकाल ठेवलेत: कर्करोग आहे, कर्करोग नाही. गाठीचे अवघड काप दुसऱ्या डॉक्टरला दाखवून घ्यायची जुनी रीत होती, तीही खर्चिक म्हणून बंद केलीत. बाईच्या छातीतलं सगळं एवढं सरळ असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मिरजेच्या इस्पितळात निदानकाने, म्हणजे त्याच यंत्राने, नजमा मुजावरचा निकाल दिला. कर्करोग, आजूबाजूला पसरलेला. स्तन काढावा. शस्त्रक्रिया उद्या सकाळी.

काप तपासणाऱ्या डॉ. वैदेही चौगुलेला तो निकाल बदलायचा अधिकार नव्हता. बघायचा होता. जोडीला डॉक्टर मिळणार नव्हता, म्हणून तिने नजमालाच पेशीदालनात नेलं.

तिथे केसाहून पातळ काप खोलीएवढा होऊन भोवती उभा राहायचा. दिवे मंदावले आणि गुलाबी धाग्यांचं रान पसरलं. त्यात जांभळी केंद्रकं जांभळांच्या घोसांसारखी लोंबत होती. दूधनळ्या बोगद्यांसारख्या वळत लांब धुक्यात गेल्या होत्या. पायाखाली जमीन नव्हती, तरी दोघी चालत होत्या, पाण्यातून चालावं तशा.

नजमाचा जन्म सतारीचे भोपळे पारखण्यात गेला होता. भोपळा छातीशी धरायचा, टिचकी मारायची, नाद हाडात ऐकायचा. तिने मान वर करून सगळीकडे पाहिलं.

“हे समदं माझ्यातलं?”

“तुमच्यातलंच. मागे गाठ काढली ना, तिचा काप आहे.”

“एवढं देखणं? आमच्या ह्यांनी कधी म्हटलं न्हाई.”

“त्यांना इथवर कुणी आणलं नाही, भाभी.”

नजमा हसली. मग म्हणाली, “रोग कुठं हाय ते दाखवा.”

एका नळीच्या आत शेवाळासारखी फांद्याफांद्यांची वाढ तरंगत होती. “ही गाठ. ही साधी आहे. भिंतीच्या आत आहे तोवर भीती नाही. यंत्र म्हणतं, भिंत फोडून बाहेर गेली.”

भिंतीबाहेर खरंच जांभळे पुंजके धाग्यांत रुतले होते. नजमाचा हात छातीवर गेला.

वैदेही पुंजक्यांच्या मागे चालत राहिली आणि थबकली. ते एका रेषेत होते. दोन्ही काठांना जुन्या रक्ताचे तपकिरी डाग, भरत आलेल्या जखमेचं कोवळं मांस. रोग असा आखून चालत नाही.

“गाठ काढायच्या आधी तपासायला सुई घातली होती?”

“घातली की. चांगली दाभणासारखी.”

“ही तिची वाट. पेशी आपण होऊन बाहेर पडल्या नाहीत. सुईने ओढून आणल्या.” मग तिने यंत्राला विचारलं, “निदानक, शिकताना सुईच्या वाटा किती पाहिल्यास?”

“एकही नाही,” शांत आवाज आला. “सुईचे व्रण असलेले काप अस्वच्छ म्हणून वगळले होते.”

“म्हंजे मला काय न्हाई?” नजमा म्हणाली.

वैदेही एका पुंजक्याकडे बघत होती. तो रेषेपासून बाजूला होता. त्याच्या काठाला डाग नव्हता.

“बहुतेक नाही. पण त्या एकाचं मी छातीठोक सांगू शकत नाही. पुन्हा पुन्हा तपासत राहावं लागेल.”

“तुम्ही चुकलात तर मी जाणार.”

“हो.”

नजमा त्या पुंजक्याजवळ उकिडवी बसली. तिच्या तोंडावर गुलाबी उजेड हलत होता.

“उद्याचं नको. मी थांबते. तपासायला येत जाईन.”

“नकार दिलात तर योजनेतून नाव कापतात, भाभी. मग तपासणीही नाही.”

“वा. म्हंजे कापून घ्या, न्हाईतर वाऱ्यावर.”

त्या रानात उभं राहूनच वैदेहीने सगळं तुम्हाला कळवलं. मिळाल्याची पोच आली. पुढे काही नाही.

आता सकाळ झाली आहे. नजमा उपाशीपोटी बाकावर बसली आहे आणि आतून तिचं नाव पुकारलं गेलंय. सुई तुमची, यंत्र तुमचं, नियम तुमचा. तिने आत जायचं की घरी? त्या कापांना अस्वच्छ कोण म्हणालं, त्याने बाहेर येऊन तिला सांगावं. बोला.