पाण्याकडे पाठ

"मावशी, तुला यायचं नसेल तर सरळ सांग. रोज सकाळी असं तोंड पाडून बसू नकोस. बाबांना जन्मात पहिल्यांदा कुठे फिरायला मिळतंय..."

लेकीची, भक्तीची वेणी घालता घालता योगिनी म्हणाली, मानही वर न करता... आणि फडक्यात धपाटे बांधणारा मनकर्णाबाईंचा हात क्षणभर थांबला. भाड्याने घेतलेल्या त्या छोट्याशा घराच्या खिडकीखाली पाणी होते, हिरवट, संथ, भिंतीला चाटत राहिलेले. व्हेनिसला आल्यापासून त्यांनी त्या खिडकीकडे पाठ करूनच सगळी कामे केली होती.

"येते ना," त्या म्हणाल्या. "पाय दुखायलेत जरा. बाकी काई न्हाई."

पाय दुखत होते हे खरेच. या गावात दहा पावले टाकली की पूल, पुलाला पायऱ्या, आणि उतरले की पुढे पुन्हा पूल. पण पायांपेक्षा फार जुना असा एक शीण त्यांच्या अंगात मुरलेला होता, तो झोपेने उतरत नव्हता आणि कुणाला सांगताही येत नव्हता. योगिनीने जर्मनीहून फोन केला तेव्हाच त्या नाही म्हणणार होत्या. पण ती म्हणाली होती, "बाबांना एकट्याला झेपणार नाही, म्हणून तूही चल." म्हणून त्या आल्या होत्या... एखाद्या सामानासारख्या, गरजेपुरत्या.

योगिनी दहावीत जाईपर्यंत त्यांना आई म्हणायची. जिंतूरच्या घराशेजारची एक बाई एक दिवस कौतुकाने बोलून गेली, "सावत्र असून किती करते गं तुझं!" आणि त्या संध्याकाळी ती कोवळी पोर समोर उभी राहिली. माझी आई कोण होती? तिचा फोटो कुठे आहे? आजोळी मला का नेत नाहीस? मनकर्णाबाईंनी एवढेच सांगितले की तुझी आई लीला, माझी थोरली बहीण, तू दोन वर्षांची असताना तापाने गेली. फोटो नाही. आजोळचे नाव काढू नको. योगिनीने त्यावरून जे समजायचे ते समजून घेतले, की या बाईने आपल्या आईचे घर घेतले, नवरा घेतला आणि तिची खूणसुद्धा पुसून टाकली. दुसऱ्या दिवसापासून ती 'मावशी' म्हणू लागली. नाते खोटे नव्हतेच, त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची?

दुपारी सगळे बाहेर पडले. पाण्यावरच्या बसची वाट बघताना किशनराव जावयाला म्हणाले, "अथर्वराव, इथली येष्टी पण पाण्यातच चालायली. आपल्या जिंतूरच्या स्टँडवर पावसाळ्यात आसंच आसतंय, फक्त बघायला कुणी तिकीट काढून येत न्हाई."

अथर्व मोठ्याने हसला. "बाबा, तुम्ही इथे गाईड म्हणून राहा. आई, तुम्ही आत बसा, मधल्या बाकावर."

त्याला कारण माहीत नव्हते, पण सासूबाई काठाला बसत नाहीत एवढे त्या भल्या माणसाच्या लक्षात आले होते. मनकर्णाबाईंनी पदराचे टोक मुठीत धरले आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत सोडले नाही.

एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी मंडळी थांबली. भक्तीने आइस्क्रीम खाल्ले होते, हात चिकट झाले होते. समोरच एका घराच्या दारातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या, शेवटच्या पायरीवर शेवाळ चमकत होते. अथर्व फोटो काढत होता, योगिनी बाटली शोधत होती, आणि पाच वर्षांची भक्ती टुणकन दोन पायऱ्या उतरून हात धुवायला वाकली.

"आक्का, पोरीला धर!"

मनकर्णाबाईंचा तो आवाज कुणी कधी ऐकलेला नव्हता. दुखरे पाय कुठे गेले कोण जाणे, त्या झेपावल्या, भक्तीचा दंड धरून तिला अशी खेचली की पोर दगडावर आपटली, गुडघा फुटला, आणि ती किंचाळून रडू लागली. तरी त्यांची मूठ सुटेना.

योगिनीने ती एकेक बोट करून सोडवली. दंडावर बोटांचे लाल वळ उठले होते.

"हात लावू नकोस माझ्या लेकराला," ती हळू, पण एकेक शब्द तोडत म्हणाली. "माझं बालपण तुझ्या धाकात गेलं. नदी नको, विहीर नको, सहल नको. माझ्यावर काढलास तेवढा राग पुरे झाला, मावशी."

मनकर्णाबाई भिंतीला टेकून धापा टाकत राहिल्या.

"योगे," किशनराव मधे पडले. "आक्का म्हंजे कोण, ठावं हाय का तुला?"

"अवो, गप बसा की."

"न्हाई मनकर्णा. लय झालं. मला न्हाई बघवत आता." ते पायरीवर बसले. "आक्का म्हंजे तुझी आई. ती तापानं न्हाई गेली, पोरी. नवरात्राच्या आधी गोधड्या धुवायला कालव्यावर गेली होती. ही संगं होती, हाताखाली म्हणून आलेली. तू खेळता खेळता घसरलीस. लीलाला पोहता येत न्हवतं, तरी उडी टाकली..."

उरलेले मनकर्णाबाईंनीच सांगितले, खाली बघत, जणू दुसऱ्या कुणाचे सांगावे तसे. "एका हातात तू व्हतीस, दुसऱ्या हातात आक्काची बोटं. मी बी घसरायले व्हते. आक्का म्हणली, पोरीला वर घे. आन् तिनंच बोटं सोडली."

गल्लीत कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. अथर्वने भक्तीला उचलून छातीशी धरले.

"तेराव्याला गावच्या बाया बोलल्या," किशनराव म्हणाले. "आईला गिळलेली पोरगी म्हणल्या. हिनं ते आयकलं. हिचं लगन दुसरीकडं ठरलेलं व्हतं. ते मोडलं हिनं, मला म्हणली, मी येते, पण गाव सोडायचं आन् या लेकराच्या कानावर हे मरेस्तोवर पडू द्यायचं न्हाई. तुझ्या आजीला तुला बघितलं की हंबरडा आवरायचा न्हाई, म्हणून हिनं माहेर तोडलं. स्वतःची माय गेली तवा एकटीच जाऊन आली. दुसरं लेकरू बी नको म्हणली..."

योगिनी हळूहळू भिंतीशी बसली. तिचे ओठ हलले. "म्हणजे माझ्यामुळेच आई..."

"हेच," मनकर्णाबाई थकून म्हणाल्या. "एवढंच तुझ्या तोंडून आयकायचं न्हवतं मला."

त्या एका वाक्याला अडवण्यासाठी सगळे आयुष्य आडवे घातले होते, आणि ते वाक्य शेवटी परक्या मुलखातल्या एका ओल्या गल्लीत येऊन उभे राहिलेच. नवऱ्यावर रागवावे एवढेही बळ त्यांच्यात उरले नव्हते. त्या योगिनीशेजारी टेकल्या, तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू दोन वर्साची व्हतीस गं. दोन वर्साच्या जीवाचा काय दोष? आक्काला तू पायजे व्हतीस. तिनं तुला माझ्यापाशी दिलं, आन् मी संबाळलं. झालं."

योगिनी त्यांच्याकडे बघत राहिली. हा सुरकुतलेला, दमलेला चेहरा ती जणू आजच बघत होती. मग एकाएकी काहीतरी ध्यानात आल्यासारखे तिने विचारले, "आणि तू? तुझी सख्खी बहीण होती ती... तू कुणापाशी रडलीस?"

मनकर्णाबाईंनी आठवून पाहिले. लोक आले होते ते किशनरावांची बायको गेली म्हणून, आईबापांची लेक गेली म्हणून, लहानग्या पोरीची माय गेली म्हणून. आणि महिना उलटत नाही तोच त्यांच्या अंगाला हळद लागली होती. नव्या नवरीने रडायचे नसते...

"कशी होती गं तुझी आक्का?"

"लय हट्टी," त्या म्हणाल्या, आणि ओठांच्या कडेला काहीतरी हलले. "मला अंधारात परसाकडं जायचं भ्या वाटायचं. ती दाराशी उभी राहून मोठ्यानं पाढे म्हणायची, ती हाय हे मला कळावं म्हणून. बाराचा पाढा तिला कधीच आला न्हाई. तिथं आली की पुन्हा बे एके बे..."

आणि मग मनकर्णाबाई रडल्या, गावाकडच्या बायका रडतात तशा, मोठ्याने, नाव घेऊन, 'आक्का गं' म्हणून. पुलावरची माणसे थबकून बघू लागली. योगिनीने त्यांना गप्प केले नाही. त्यांचे डोके तिने खांद्यावर घेतले, पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आजीला काय झालं?" बापाच्या कडेवरून भक्तीने घाबरत विचारले.

"आजीची बहीण गेली, बाळा," योगिनी म्हणाली.