डाव्या हाताखालची बटणं

बडोद्यातल्या प्रतापनगरच्या निरुपमाबाई निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यापासून घरात एकट्या. मुलगा आशय कॅनडात. रविवारी संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला, की त्या आशयच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या. तिकडे तेव्हा सकाळ असायची. मायलेक मिळून ऑनलाइन गेम खेळायचे. फोनवर ‘जेवलास का’ विचारलं की बोलणं संपायचं. खेळात मात्र वेळ कसा जायचा ते कळायचं नाही.

आशय लढवय्या, बाई त्याच्या वैद्य. तो घायाळ झाला की त्यांनी औषध द्यायचं. पण माउस फिरवून औषधाचं चित्र शोधेपर्यंत तो मेलेला असायचा.

“आई, माउस सोड ने आता!” तो हेडफोनमधून वैतागायचा. “डावा हात कीबोर्डवर ठेव. एक दाबलंस की औषध, दोन म्हणजे ढाल. आणि एच दाबलंस, की मी असेन तिथून तुझ्याकडे ओढला जातो.”

उत्तरायणाच्या आधीच्या रविवारी बाईंनी डावा हात कीबोर्डवर ठेवला. गच्च्यांवरचा पतंगवाल्यांचा ओरडा विरत चालला होता. पडद्यावर आशयला राक्षसांनी घेरलं. कुठलं बटण, ते बाईंना आठवेना... आणि करंगळीवर काहीतरी टेकलं. गार. हलकेच. बोट खाली दाबलं गेलं.

“वा, आई! क्या बात है!”

बाई हाताकडे बघत राहिल्या. पाटीवर अक्षर गिरवताना त्या मुलांचा हात धरायच्या, अगदी तसंच कुणीतरी धरलं होतं. खोलीत कुणी नव्हतं. भीती वाटली, पण मुलाच्या तोंडची शाबासकी इतक्या वर्षांनी मिळाली होती; ती काही त्यांना सोडवेना.

पुढच्या रविवारी हात ठेवून त्या वाटच बघत बसल्या. ते लगेच आलं. या वेळी चारही बोटांवर. खोलीत भिजलेल्या लोखंडासारखा वास पसरला. बटणं भराभर वाजू लागली. माउस पडून होता.

बाईंची वैद्य कड्याच्या टोकाशी कधी जाऊन उभी राहिली, ते त्यांनाही कळलं नाही. बोट एचवर गेलं. आशयचा योद्धा खेचला गेला आणि दरीत कोसळला.

“मारलंस मला!” तो हसला.

बाईंनी हात उचलायला पाहिलं. उचलेना. त्या गार वजनाने तो अक्षराअक्षरावर ओढत नेला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं : बाल्कनीत ये.

“बाल्कनीत? इथे बर्फ पडतोय, आई... काय आहे बाल्कनीत?”

“मी नाही लिहिलं रे... जाऊ नकोस...”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काचेचं दार घसरल्याचा.

बाईंनी उजव्या हाताने वायर धरून प्लग उपटला. पडदा काळा झाला आणि डावा हात सुटला. त्यांनी फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

“आशय! कुठे आहेस?”

“बाहेर...” आवाज झोपेतल्यासारखा होता. मागे वारा घोंघावत होता. “तूच हाक मारतेयस ना? ...इथूनच येतेय.”

“मी बडोद्यात आहे, राजा. घरात आहे. मागे फिर.”

“पण आई, तुझाच आवाज...”

“हा माझा आवाज. फोनमधला. मागे फिर आणि आत जा!” वर्गात कधी चढला नव्हता इतका त्यांचा आवाज चढला.

दार घसरलं. कडी लागली. मग अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात आशय लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. “पाय गारठलेत, आई...” बाई कितीतरी वेळ नुसत्या “आहे मी, आहे मी” म्हणत राहिल्या.

कॉम्प्युटर त्यांनी दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला दिला. आशयनेही खेळ सोडला. आता ती दोघं फोनवरच बोलतात, आणि खूप बोलतात. अशाच एका फोनवर त्याने त्या रविवारचा विषय काढला.

“तू घाबरशील म्हणून तेव्हा सांगितलं नाही, आई. कडी लावताना मी कठड्याकडे बघितलं. त्याच्यावरच्या बर्फात बोटांचे ठसे होते.”

“तूच धरला असशील...”

“मी कठड्यापर्यंत पोचलोच नव्हतो. आणि ते ठसे... बाहेरून धरलेले होते.”