पेल्यावरचं पान

साहेब, नांदेडात आम्ही कुठं राहतो हे माझ्या भावाला तुम्हीच सांगितलं. पत्ता फक्त तुम्हाला दिला होता. संरक्षण मागायला तुमच्या पोलीस ठाण्यात आलो, तर तुम्ही चहा पाजला, पत्ता विचारून घेतला, आणि आमची पाठ फिरल्यावर त्याला फोन लावला.

आमचा गुन्हा काय? ऐका.

लातूरला एका दुकानात मी भांड्यांवर नावं टाकायची. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नाही. एकदा केली, तर समोर एक पोरगा कॅमेरा घेऊन किसणीवर वाकलेला. नाक टेकायचंच बाकी.

"नाक किसून घ्यायचंय का?" मी विचारलं.

"हलू नका... किसणीत तुमची ओढणी दिसून राहिली. हिरवी. लई भारी!"

तो सुगत. गाळणी, चिमटा, पोळपाटाची कड... घरातल्या वस्तूंचे इतक्या जवळून फोटो काढायचा की ओळखूच येऊ नयेत. मग रोज दुकानात येऊन मला फोन दाखवायचा.

"ही काय, अमावस्या?"

"तव्याचं बूड हाय."

"मग हा चंद्र?"

"तिथं काल तुम्ही बोट लावलं होतं..."

मी हात ओढणीत लपवला. काय व्हायचं ते तेवढ्यात झालं.

पुढं मी एका पेल्यावर आमची दोघांची नावं टाकली. कुठलंही नाव टाकलं की शेवटी मी ठिपक्यांचं बारीक पान काढते, देठ उजवीकडं मुडपलेला. सुगतनं त्या पेल्याचा फोटो इन्स्टावर टाकला. भीतीपोटी नावं कापली, पान तेवढं ठेवलं. "कुणाच्या बापाला कळणार न्हाई," म्हणाला.

शिरूर अनंतपाळला आमच्या घरातल्या प्रत्येक तांब्यावर तेच पान आहे, साहेब. मीच काढलेलं. शिवमूर्ती दादानं मला दोन फोटो पाठवले. एक सुगतचा पेला, दुसरा घरचा तांब्या, तितक्याच जवळून. खाली एक शब्द नाही. आम्ही लिंगायत, सुगत बौद्ध. असं काही केलं तर दोघांनाही जित्तं ठेवणार नाही, हे दादा आधीच बोलला होता.

पळून आलो. लग्न केलं. मग तुमच्या दारात आलो.

आज दुपारी दादाचा तिसरा फोटो आला. आमच्या या खोलीच्या दाराची कडी. वाजू नये म्हणून मी तिला ओढणीची हिरवी चिंधी गुंडाळली होती. चिंधीचा धागा न धागा दिसतोय. फोटो बाहेरून काढलाय.

"घाबरलीस?" सुगतनं विचारलं.

"लई."

"परत जायचं?"

"न्हाई... तुझ्याबिगर कुठंच न्हाई." हे मी पहिल्यांदाच बोलले.

त्यानं पेला खिडकीत ठेवून फोटो काढला. या वेळी काही कापलं नाही. रेणुका, सुगत, पान, सगळं.

"हात हलला तुझा," मी म्हणाले.

"हलू दे. पेल्यात तू दिसून राहिली."

तो फोटो तुम्हालाही पाठवलाय, साहेब. तुम्ही बघितलाय, निळ्या खुणा आल्यात. जिन्यावर पावलं वाजून राहिलीत. तुमचा माणूस हाय, का माझा भाऊ?

सांगा. आत्ता सांगा!