टिटवी खाली का उतरेना?

“ऊंऽऽऽ... ऊंऽऽऽ...”

धुक्यातून पुन्हा तोच आवाज! अनयनं ताईचा हात घट्ट धरला. “ताई, गाइस्ट! भूत!”

“भूतबीत काही नसतं रे!” ईप्सिता म्हणाली खरी, पण तिच्याही अंगावर काटा आला.

ईस्टरच्या सुट्टीत यशोधनकाकांनी दोघांना स्टुटगार्टहून या पक्षी अभयारण्यात आणलं होतं. लाकडी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरीफटक खारी जमीन, तिच्यावर मिठाचे चौकोनी स्फटिक. काकांना फोटोंच्या स्पर्धेसाठी या स्फटिकांचाच फोटो हवा होता. धुकं विरेपर्यंत ते ट्रायपॉड लावून चहा पीत बसले होते.

डोक्यावर एक टिटवी सारखी ओरडत घिरट्या घालत होती. गावी टिटवी अशी ओरडली की मोठी माणसंसुद्धा गप्प व्हायची!

तिथली रक्षक बाई, फ्राऊ केलर, दुर्बीण घेऊन धावतच आली. “ती आवाजाला घाबरलीय, अंड्यांवर बसतच नाहीये! अंडी गार पडली तर पिल्लं जातील!”

एवढ्यात वारा पडला. आवाज बंद! वारा सुटला. “ऊंऽऽऽ...”

“अनय,” ईप्सिता एकदम म्हणाली, “आजोबांचं ज्वारीचं शेत आठवतं? पाखरं हाकलायला कॅसेटची फीत ताणून बांधली होती. ती अशीच घुमायची!”

“गेनाऊ! अगदी अशीच!” अनय ओरडला.

धुक्यात काही दिसेना. दोघं कठड्यावरून हात फिरवत निघाली. वळणापाशी ईप्सिताच्या बोटांना काहीतरी थरथरणारं लागलं. काळी, चकचकीत फीत! या कठड्यापासून स्फटिकांवरून वळणापलीकडच्या कठड्यापर्यंत ताणलेली. दोघांनी ती सोडून भराभरा गुंडाळली. सगळं एकदम शांत झालं.

“ही तर आजोबांचीच युक्ती! बांधली कुणी, ते मी शोधून काढतो!” अनय कुजबुजला आणि फ्राऊ केलरला घेऊन काकांकडे पळाला. “काका! तुमच्या स्फटिकांवर पक्षी उतरला!”

“शक्यच नाही! मी फीत बांधलीय ना!” काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. “अहो, फोटोत पक्षी मध्ये येतील, स्फटिक तुडवतील म्हणून... आमचे अण्णा, या पोरांचे आजोबा, शेतात असंच करायचे.”

“काका, हे आपलं शेत नाही! टिटवीचं आहे!” मागोमाग आलेल्या ईप्सिताच्या डोळ्यांत पाणी आलं.

धुकं हळूहळू विरलं. टिटवी उतरली, काकांचे स्फटिक करकर तुडवत गेली आणि अलगद अंड्यांवर बसली.

फ्राऊ केलरनं दोघांचे हात हातात घेतले. “शाब्बास! तुमच्यामुळे वाचली पिल्लं!”

“खरंच शाब्बास रे पोरांनो!” काका पुटपुटले. त्यांचा हात सवयीनं कॅमेऱ्याकडे गेला, पण अर्ध्यातच थांबला.

“राहू दे फोटो,” ते हळूच म्हणाले. “तिला पुन्हा उठवायला नको.”