दोनच बॅगांना लाल पट्टी

"नदी इथून वळते!" चिमटाने निळ्या खडूची रेघ थेट सोफ्याखालून नेली. "हा पूल, ही डोक्यावरून जाणारी रेल्वे. आणि हा पाट म्हणजे आपलं हॉटेल!"

"मी बोट!" कपड्यांच्या टोपलीतून धाकटा शेपूट किंचाळला.

"बोटीने तोंड उघडलं तर बुडवीन!" ढोल्याने दम दिला.

समुद्रापलीकडच्या त्या अवाढव्य राजधानीला या तिघा भावंडांना न्यायचं काकाने कबूल केलं होतं. शब्द देताना काकाचा हात नेहमीच सढळ. पाळताना तो खिशात जायचा. पण यंदा तो रोज संध्याकाळी फरशीवर गुडघे टेकून, "इथे उतरायचं, इथून होडी!" असं सांगत होता. मग शंका कोण घेणार?

शंका आली ती बॅगांमुळे. विमानतळावर शंभर काळ्या बॅगांत आपली चटकन सापडावी म्हणून काकू प्रत्येक बॅगेला जुन्या पडद्याची लाल पट्टी बांधायची. परवा निघायचं होतं. भिंतीशी पाच बॅगा उभ्या होत्या, पण पट्ट्या दोघींनाच!

"पडदा संपला असेल," शेपूट म्हणाला.

"अर्धा पडदा कपाटात लोळतोय," ढोल्या म्हणाला.

चिमटा स्वयंपाकघरात गेली. "काकू, आमच्या पट्ट्या?"

"तुम्हाला कशाला हव्यात?" काकूने पातेलं आदळलं. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही!

काकाला विचारलं, "विमानात खिडकी कुणाला?" तो म्हणाला, "पाहू की!" त्या घरात 'पाहू की' म्हणजे इस्त्री केलेला नकार.

"काहीतरी शिजतंय," चिमटा म्हणाली. "चला, आजोबांकडे!"

आजोबा निवृत्त तिकीट तपासनीस. घरातलं कुणी आत्याकडे निघालं तरी आधी जेवणाच्या टेबलाशी आजोबांकडून तपासणी व्हायची. यंदा मात्र "सगळं मोबाईलमध्ये आहे," म्हणत काकाने ती टाळली होती.

"आजोबा, विमानतळ-विमानतळ खेळायचं. काउंटरवर तुम्ही!"

चिमटाचं वाक्य संपेपर्यंत आजोबांनी काळा कोट चढवलासुद्धा!

संध्याकाळी टेबलासमोर रांग लागली. मुलांनी काकाला पुढे ढकललं.

"पासपोर्ट!" आजोबांनी हात पुढे केला.

काकाने हसत हसत दोन काढले.

"प्रवासी पाच, पासपोर्ट दोन?"

"बाकीचे... वर आहेत."

"मग आणा. रांग खोळंबली आहे!"

"मागून ढकलू नका हो!" रांगेतही टोपलीत बसूनच शेपूट ओरडला.

काका जिना चढला, उतरला. घामाघूम! त्याने तीन पासपोर्ट टेबलावर ठेवले. चिमटाने एक उघडला. "हा तर अजून चालू आहे!"

"मुदत सहा महिने शिल्लक लागते," काका पुटपुटला. "तुमचे त्याआधीच संपतात. माझा दहा वर्षांचा, म्हणून वाटलं तुमचेही असतील. लहानांचे पाचच वर्षांचे असतात, हे तिकिटं काढताना कळलं. नवे करायला वेळ नव्हता, म्हणून दोनच काढली."

"अहो!" काकू उसळली. "मला तर म्हणालात, मुलांना यायचा कंटाळा आलाय, शिबिराला जायचंय त्यांना! मी उगाच त्यांच्यावर फुगून बसले!"

"आम्हाला? कंटाळा?" चिमटाचा आवाज बारीक झाला. "तिकिटं काढलीस तेव्हापासून माहीत होतं? आणि तरी रोज आमच्यासोबत नदी काढत होतास?"

"तुमची तोंडं बघून सांगवेना गं."

"मग कधी सांगणार होतास?"

काका खाली बघत म्हणाला, "परवा पहाटे... चिठ्ठी ठेवणार होतो."

ढोल्या एरवी कशावरही विनोद करायचा. तो हॉटेलच्या पाटावर जाऊन बसला. शेपूट टोपलीतून उतरला.

काकूने कात्री आणली आणि दोन्ही पट्ट्या कापल्या. "जाऊ तर पाचही जण. नाहीतर कुणीच नाही!"

"शाबास, पोरांनो!" आजोबांनी टेबलावर थाप मारली. "अख्ख्या नोकरीत इतका गोड बोलणारा विनातिकीट प्रवासी मला सापडला नव्हता. तुम्ही घरातच पकडलात!"

शाबासकी मोठी होती, पण कुणी हसलं नाही.

"नवे पासपोर्ट लगेच करू," काका म्हणाला. "सगळे जाऊ. माझा शब्द—"

"शब्द नको." चिमटाने एक लाल पट्टी उचलली आणि काकाच्या मनगटाला करकचून गाठ मारली.

"हे काय?"

"गर्दीत आपला काका कोणता, ते ओळखू यायला नको?"

काका हसायला गेला. कुणी साथ दिली नाही. नवे पासपोर्ट येईपर्यंत ती गाठ त्याने सोडली नाही. ऑफिसातसुद्धा!