फळीच्या मधली जागा

अकरमला आणायला मी धानोऱ्याकडे निघाले तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. पंचाण्णव सालचा मे महिना. नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी मेंदूचं शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. सुट्टीला राजुऱ्याला घरी आले तर अम्मी आणि भावजय सायमा, दोघी तोंडं पाडून बसलेल्या. धाकटा भाऊ अकरम तेंदूपत्त्याच्या फळीवर दिवाणजी होता. गावकऱ्यांनी तोडून आणलेल्या पानांचे पुडे ठेकेदाराच्या वतीने ताब्यात घ्यायचे आणि मोकळ्या रानात उन्हात वाळवून घ्यायचे, त्या जागेला फळी म्हणतात. बकरी ईदलाही तो घरी आला नव्हता. जीपवाल्या धनराजनं निरोप आणला होता की दिवाणजीले झटके येऊन राह्यले. मी मनात म्हटलं, मिरगी असेल. गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि त्याच जीपमध्ये बसले.

फळी गावाबाहेर होती. मोहाची झाडं संपून रान उघडं पडलं की एकदम पानांचा कडवट, तुरट वास यायचा. पुड्यांच्या ओळी सरळ नव्हत्या. एकाबाहेर एक अशी गोल कडी मांडलेली, आणि त्या कड्यांतून बाया-माणसं उकिडवी बसून पुडे उलटत होती. सगळ्यांच्या मधोमध अकरमची खाट. तो उन्हातच बसला होता. गालफडं आत गेलेली, ओठ फुटलेले. माझ्याकडे त्यानं असं पाहिलं, जणू मी कुणी वसुलीवाली आहे.

जीपमधून उतरल्यापासून माझ्याशी कुणी बोललं नाही. पाणी मागितलं तर एका बाईनं लोटा जमिनीवर ठेवला आणि पाठ फिरवली. गावात परका माणूस आला की लोक निदान टक लावून बघतात. इथे तेवढीही तसदी कुणी घेतली नाही, आणि त्याचा मला राग आला.

मी अकरमची नाडी बघायला बसले. तेव्हा पहिल्यांदा ते दिसलं.

अगदी बाहेरच्या कड्यातल्या एका म्हातारीनं मनगट वळवून पुडा पालथा केला. मग तिच्या शेजारणीनं. मग तिच्या आतल्या बाजूच्या माणसानं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कुणी हाक दिली नव्हती. ते वळणं सावकाश, कड्याकड्यानं आत सरकत आलं, आणि माझ्या बोटांखाली अकरमचं मनगट वळलं. त्याच्या हातात पुडा नव्हता.

मला हे माहीत होतं, हेच मला सहन होईना. मेंदूत मज्जापेशींच्या भोवती दुसऱ्या पेशी दाटीनं बसलेल्या असतात. आम्ही शिकलो तेव्हा त्यांना भरताड समजत. मज्जापेशीला धरून ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं, कचरा उचलायचा आणि गप्प राहायचं. पण नुकत्याच झालेल्या प्रयोगांत दिसलं होतं की यातल्या एकीला नुसतं डिवचलं तरी तिच्या आत कॅल्शियम चढतं, मग शेजारणीत, मग तिच्या शेजारणीत. अशी संथ लाट पसरत जाते, आणि मधली मज्जापेशी बोलू लागते. वर्गात हा धडा मी फार रंगवून शिकवायची. काचेच्या बशीतल्या पेशींबद्दल असतो तो धडा, माणसांबद्दल नाही.

इतक्यात अकरमनं डावा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि कळवळला. मी पाय पाहिला. साधा ओरखडाही नव्हता. मान वर केली तर पार कडेला, मोहाखाली, कोलू नावाचा माणूस पुडा उचलत होता. त्यानं पुडा उचलला, दचकून मागे सरला आणि डावा पाय धरून खाली बसला. पुड्याखालून विंचू निघून गेला.

कोलू ओरडला नाही. त्याचं ओरडून झालं होतं.

मी अकरमच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, चल घरी, आत्ता.

"मले नाई यायचं, आपा," तो म्हणाला. "मी उठलो त ह्या लोकायचं दुखनं कोन बोलन?"

धनराजला बोलावून आम्ही दोघांनी त्याला ओढत नेलं. शेवटच्या कड्यापाशी आला की तो ताठ व्हायचा, डोळे पांढरे, तोंडाला फेस. मागे आणला की शुद्धीवर. पुन्हा नेला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याची जीभ दाताखाली आली आणि माझा हात रक्तानं भरला. घरी सायमा वाट बघत होती आणि हा माझ्या हातांत मरणार होता. धनराज मागे सरला. मले नाई जमत म्हणाला.

पुडे उलटणाऱ्या बायांत नीलाबाई नावाची एक होती, तिच्यापुढे जाऊन मी उभी राहिले. तुम्ही काय केलंत माझ्या भावाला, असं मी चढ्या आवाजात विचारलं. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"फळी मांडतो तवा मधली जागा आमी रिकामी ठेवतो, दरसाली. तिथी कोनी बसत नाई. ह्या भाऊनं खाट टाकली, चारी बाजूचं दिसते म्हून. सांगतलं त हासला." तिनं एक पुडा उलटला. "आता ते रिकामी नाई होत, बाई."

काऊन ठेवता रिकामी, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी भयंकर चिडले होते. रिकामी होत नाही ना, मग घ्या भरून, असं म्हणून मी अकरमला खाली ढकललं आणि खाटेवर बसले.

सगळे हात थांबले. रानात पानांचं करकरणंसुद्धा थांबलं.

अकरम उठला. कपडे झटकले, आणि ताप उतरलेल्या पोरासारखा सरळ चालत शेवटचं कडं ओलांडून जीपमध्ये जाऊन बसला.

मी जरा वेळानं उठले. मला कुणी अडवलं नाही. नीलाबाईनं उलट माझ्या वाटेतले पुडे बाजूला केले. मी सहज बाहेर आले, मला काही झालं नाही, आणि मनातल्या मनात मी त्या सगळ्यांना हसले.

राजुऱ्याला पोहोचल्यावर अकरम दोन दिवस झोपला आणि मग खडखडीत बरा झाला. फळीवरचं त्याला काही आठवत नव्हतं. जुम्म्याच्या दुपारी सायमानं बिर्याणी केली. किती दिवसांनी घरात हसणं ऐकू येत होतं. दस्तरखान अंथरला, सगळे गोल बसले. मी उशिरा आले. जिथे जागा होती तिथे बसले.

अकरम काहीतरी गंमत सांगत होता. बोलता बोलता त्यानं ताटाशेजारचा रिकामा पेला पालथा घातला.

मग सायमानं घातला.

मग अम्मीनं. तिचं बोलणं सायमाशी चाललं होतं, पेल्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

माझ्या उजव्या गुडघ्यात कळ गेली. अशी की मी मोठ्यानं कण्हले.

मला गुडघेदुखी नाही. अम्मीला आहे. ती तेव्हा रायत्याचं भांडं घ्यायला पुढे वाकत होती. वाकली, उजवा गुडघा चोळला, आणि तोंडातून हूं की चूं न करता परत बसली.

"अकरम," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. जेवता जेवता त्यानं आपलं ताट माझ्यापासून थोडं मागे ओढून घेतलं. मग सायमानं, मग अम्मीनं.

माझ्या चारी बाजूंना एका खाटेएवढी जागा मोकळी झाली होती.