हिलालची सव्वा मूठ

उद्या सातधारीच्या घळीत जायचं म्हणता? जा की. श्रावणात ती पाहण्यासारखीच असते. पाणी सात टप्प्यांनी उतरतं, अन् कड्याच्या पोटातून पाऊलवाट थेट वरच्या धारेमागे जाते. पंडित, कंदिलाची वात जरा खाली कर. हसू नको रे अभिमन. आधी ऐका, मग जायचं तर जा.

पाच वर्षं झाली. चलेजावच्या आदल्या साली, कानबाई देवीच्या रविवारी रात्री घडलं हे. माझ्या शेजारी झुलाल राहायचा. त्याची आई भागाबाई, अन् धाकटा भाऊ हिलाल. त्या आधीच्या गुरुवारी पिंपळनेरच्या पारसमल शेठकडे धुळ्याचे पाहुणे आले. त्यांना धारा पाहायच्या होत्या. वाट दाखवायला शेठनं झुलालला निरोप धाडला. तो कानबाईसाठी भिंतींना चुना देत होता.

"हिलाल, तू जाय रे. मना हात चुनामा शेत."

हिलाल गेला. दुपारी वर डोंगरात पाऊस झाला अन् ओढा फुगला. पोरानं एकेकाला हात धरून अलीकडे आणलं. शेठच्या म्हाताऱ्या आईला, हीराबाईला, तर पाठीवर घेऊन आणलं. तिची काठी पलीकडे राहिली. "राहू दे बेटा," ती म्हणाली. तो हसला, अन् परत गेला.

मग कोणाला दिसला नाही. दोन दिवस आम्ही घळ पालथी घातली.

शनिवारी नैवेद्याच्या रोटांचे गहू काढायचे होते. तुम्हाला ठाऊकच आहे, घरात जितके मरद, तितक्या वेळा सव्वा मूठ. अन् कानबाईचा रोट उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. झुलालचा चुलता रुपचंदनाना सुपात गहू टाकत होता. झुलालची मूठ टाकली, अन् त्याचा हात थांबला.

"हिलालनी काढा," भागाबाई म्हणाली.

"वहिनी, तो जर... गेलेल्याची मूठ काढत नाहीत. वाटा मागायला येतो तो."

"मना पोऱ्या जिवत शे! काढा!"

नानानं काढली.

रविवारी रोट झाले. गल्लीत डफ वाजत होते. भागाबाई कोणाला जेवू देईना. "बठ्ठा मरद बसाले पाहिजेत, हिलालबी," एवढंच म्हणे, अन् दाराकडे पाही. झुलालला ते बघवेना. पाटलाच्या घड्याळात अकराचे ठोके पडले तेव्हा त्यानं हिलालच्या वाट्याचा रोट उपरण्यात बांधला.

"तोतारामभाऊ, चाल मनासंगे. तो कपारीत अडकेल शे कोठे तरी."

"रोट ठेव घरी," मी म्हणालो.

"चार दिननं उपाशी शे तो, भाऊ! मी धाडं त्याले. मी!"

मी कंदील घेतला.

पाऊस थांबला होता. वाट शेवाळलेली. वरच्या धारेपाशी एका माणसापुरतीच जागा. मी अलीकडे थांबलो. झुलाल कड्याला पाठ लावून धारेमागे सरकला. दिसेनासा झाला.

"हिलाल!"

पाणी.

"हिलाल, मी शे रे!"

पाणी.

मग... कसं सांगू. कंदिलाच्या उजेडात धार पडताना मला दिसत होती. पण तिचा आवाज गेला होता. पार गेला होता. अन् त्या शांततेत झुलाल हळू बोलत होता. घरात बोलावं तसं.

"...हा. आणेल शे. तुनाच शे."

मी कान दिला. दुसरा आवाज नव्हता.

"...मायनी. मायनीच तुनी मूठ काढाले लाई."

...

"मग चाल ना घर."

...

"चाल ना रे. माय जेवेल नही."

...

"हिलाल?"

...

एकदम पाणी गर्जलं. कंदील हातातून सुटता सुटता राहिला.

झुलाल बाहेर आला. उजवा हात खांद्यापर्यंत ओला. उपरणं रिकामं. तो रडत होता अन् हसत होता.

"लिधा त्यानी. मना हातमाथून लिधा! हात गार शे त्याना. सकाळे दोर लई येऊत, भाऊ."

घरी भागाबाईनं एवढंच विचारलं, "खादा का त्यानी?"

"लिधा, माय."

तेव्हा तिनं रोट मोडला. सगळे जेवले. मी उंबऱ्याबाहेर बसून होतो.

पहाटे लाकूडतोडे आले. घळीच्या अर्धा कोस खाली डोह आहे. तिथं उंबराच्या मुळांत हिलाल अडकला होता. गुरुवारीच गेलेला. चेहरा ओळखू येत नव्हता, चांदीच्या कड्यावरून ओळखला. अंगणात आणून ठेवला. उजवी मूठ मिटलेली होती. कोणाकडून उघडेना.

भागाबाई खाली बसली. एकेक बोट सोडवलं. झोपलेल्या लेकराचं सोडवावं तसं.

आत रोटाचा तुकडा होता. एका बाजूनं खाल्लेला.

त्याच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. खालची माती भिजली होती.

तुकडा कोरडा होता.